टेरेस गार्डनवरचं ‘बेट’: कामाच्या नोंदी

९ जानेवारी

आज टेरेसवर निवांत फिरायला मिळालं. अकराव्या मजल्याच्या उंचीवरचं पोडियमचं, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या पसरट इमारतीचं, छत आहे, तीन बाजूंना त्याहून उंच ऑफिस टॉवर, चौथी बाजू मोकळी आणि सगळा वारा तिथूनच घुसतो. मातीचे वाफे, फरशीची वाट, बाक, एका कोपऱ्यात जाळीमागे एसीचं पाणी थंड करणारा कूलिंग टॉवर. कागदावर ही बाग सगळ्यांसाठी खुली आहे, कोणीही यावं बसावं, पण खाली लॉबीत तसं लिहिलेलं कुठंच दिसलं नाही. लक्षात ठेवायचं.

इथं जे शिल्प बसवायचंय त्याचं शिल्पकार ताईंनी काढलेलं स्केच सोबत नेलं होतं. स्टेनलेसच्या नऊ नळ्या, सगळ्यात बुटकी दीड मीटरच्या आसपास आणि सगळ्यात उंच साडेचार, वर जाता जाता एकाच बाजूला किंचित झुकलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला एक थाळी. बांबूच्या बेटासारखं दिसतं म्हणून सगळे त्याला ‘बेट’च म्हणायला लागलेत. ताईंना ते मधोमध हवंय, दारातून बाहेर आलं की समोर.

१६ जानेवारी

बिल्डिंगची ड्रॉइंग आली एकदाची. मधोमधचं स्वप्न लगेच संपलं कारण मधोमध स्लॅबचा स्पॅन आहे, खाली आधार नसलेला भाग, कॉलम दोन्हीकडे चार चार मीटर लांब. इंजिनियर मॅडम म्हणाल्या ठेवता येईल हो, पण मग खालच्या मजल्यावर बीमची मजबुती करा, चालू ऑफिसचं फॉल्स सीलिंग काढून. ते कोण करू देणार.

अमेरिकेत ओकलंडला कैसर सेंटरच्या पार्किंगवर १९६० मध्ये बाग केली, थिओडोर ऑस्मंडसन या लँडस्केप आर्किटेक्टने, तेव्हा मोठी झाडं बरोबर खालच्या कॉलमच्या डोक्यावर लावली होती. बघणाऱ्याला ती सहज इकडेतिकडे लावलेली झाडं वाटतात. मॅडमनी तेच करायला सांगितलं, बेट कॉलमवर सरकवा. म्हणजे दारापासून डावीकडे, वाफ्याच्या आत. ताई तासभर गप्प होत्या, मग त्यांनीच खडू मागून फरशीवर नवी जागा आखली. दारातून आता बेट तिरकं दिसणार, आणि मला विचाराल तर समोर छातीवर येण्यापेक्षा ते बरंच आहे.

२० जानेवारी

वजनाचा हिशोब. नीट लिहून ठेवतो कारण नंतर सगळे हेच विचारतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. सूत्र सोपं आहे, मीटर प्रति सेकंदमधल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. आम्ही ४५ मीटर प्रति सेकंद धरला, म्हणजे १२१५ न्यूटन, ढोबळ १२४ किलो प्रति चौ.मी. नळ्या आणि थाळ्या मिळून वाऱ्याला आडवं येणारं क्षेत्र साडेचार चौ.मी.च्या आसपास, आकाराचा गुणांक धरून एकूण रेटा साधारण ६५० किलोचा, आणि तो लागतो जमिनीपासून सव्वादोन मीटरवर. खालची फ्रेम तीन मीटर रुंद. म्हणजे उलटू नये म्हणून निदान एक टन वजन खाली हवं, सुरक्षेसाठी दीडपट धरलं की दीड टन. बेट स्वतः फ्रेमसकट ६०० किलो भरतंय. उरलेले ९०० किलो कुठून आणायचे?

सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर, माती आहे की वाफ्यात, ती टाका फ्रेमवर. मॅडमनी ते साफ उडवून लावलं. स्लॅबला झेपेल का हे बघताना माती ओली चिंब धरायची, घनमीटरला १८०० किलो, आणि बेट उलटेल का हे बघताना तीच माती कोरडी धरायची नाहीतर धरायचीच नाही, कारण उद्या माळीकाका झाड बदलायला ती उपसून बाजूला ठेवतील आणि नेमकं त्याच दिवशी वादळ येईल. एकाच मातीचे दोन हिशोब, आणि दोन्ही वेळा आपल्या विरुद्ध बाजूचा आकडा घ्यायचा. हे मला फार आवडलं.

शेवटी काँक्रीटचे ठोकळे फ्रेमला बोल्टने बांधायचे आणि तेवढ्या जागेतली २० सेमी माती कायमची काढायची असं ठरलं. २० सेमी ओली माती म्हणजे चौ.मी.ला ३६० किलो, आणि बेट ठोकळ्यांसकट नऊ चौ.मी.वर पसरून चौ.मी.ला १७० च्या आत बसतं. स्लॅबवरचा भार आधीपेक्षा कमीच झाला की.

स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारायचा विषय कोणी काढला सुद्धा नाही. वॉटरप्रूफिंगच्या थरातून एक ड्रिल गेलं की पुढची दहा वर्षं गळतीची प्रत्येक तक्रार शिल्पाच्या नावावर.

३ फेब्रुवारी

थाळ्यांवरून जोरदार वाद. ताईंना त्या आतून खोलगट हव्यात आणि आरशासारख्या पॉलिश. नळ्या-थाळ्या बनवणाऱ्या दादांनी वर्कशॉपमध्ये नमुना ठोकून दिला, ८० सेमी व्यास. दुपारी अंगणात उन्हाकडे तोंड करून टेकवला आणि समोर पुठ्ठा धरून मागेपुढे केला. पावणेदोन मीटरच्या आसपास डाग एकदम लहान आणि पांढराशुभ्र झाला, पुठ्ठ्याला आधी वास आला मग धूर. गोलाकार आरशाचा फोकस वक्रतेच्या त्रिज्येच्या निम्म्यावर येतो हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं पण हातातल्या पुठ्ठ्याला भोक पडलं की ते वेगळंच पटतं. आता बुटकी नळी वाटेच्या कडेला, तिची थाळी पश्चिमेला कललेली, संध्याकाळचं ऊन आडवं येणार, आणि पावणेदोन मीटरवर काय असेल तर बाकावर बसलेल्या माणसाचा कान.

लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीटचं उदाहरण मी काढलं. २०१३ मध्ये त्या टॉवरच्या आत वळलेल्या काचेच्या भिंतीने ऊन एकवटून खाली रस्त्यावर लावलेल्या गाडीचे भाग वितळवले होते, नंतर काचांवर सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. गंमत म्हणजे त्याच टॉवरच्या माथ्यावर लोकांसाठी स्काय गार्डन आहे.

खोलगट थाळीत पाणी साठतं, भोक ठेवलं तर पानांनी तुंबतं, मग डास, हे काकांनी शांतपणे सांगितलं आणि माझ्या मते फोकसपेक्षा त्यानेच काम केलं. थाळ्या आता उलट्या, वर फुगीर. पाणी ओघळून जाईल, ऊन एकवटायच्या ऐवजी पसरेल.

५ फेब्रुवारी

ताईंनी समोरच्या टॉवरच्या विसाव्या मजल्यावर जायची परवानगी काढली होती. वरून टेरेस बघितली आणि सगळ्या कामाची दिशाच बदलली. बागेत एका वेळी पंधरावीस माणसं, पण भोवतीच्या खिडक्यांतून दिवसभर शेकडो लोक वरून बघणार, आणि त्यांना नळ्यांचा डौल वगैरे काही दिसत नाही, दिसतात नऊ गोल चकत्या. जमिनीवरच्या शिल्पाला चार बाजू सांभाळल्या की झालं, इथं पाचवी बाजूच सगळ्यात जास्त बघितली जाणार आहे. ताई खिडकीशी उभ्या राहून नुसत्या चकत्यांचं चित्र काढत बसल्या.

आरसा पॉलिश रद्द, वरच्या ऑफिसच्या स्क्रीनवर चकाकी गेली तर पहिल्याच आठवड्यात तक्रार येणार. त्याऐवजी साटिन फिनिश, म्हणजे बारीक रेघांची मंद चमक, पण प्रत्येक थाळीची घासायची दिशा वेगळी. स्टेनलेसवर घासायच्या रेघा ज्या दिशेने असतात त्यावर ती चकती उजळ दिसते की काळसर ते ठरतं, आणि सूर्य सरकला की उजळ कोण नि काळसर कोण हे बदलत जातं. रंग नाही, लाइट नाही, मेंटेनन्स नाही. ही कल्पना ताईंची, मी फक्त टाळी वाजवली.

१४ फेब्रुवारी

मटेरियल. ताईंच्या मनात मध्येच कॉर्टेन स्टील आलं होतं, गंजाचा तो सुंदर रंग. ते स्टील कोरडं ओलं कोरडं ओलं असं झालं तरच गंजाचा थर घट्ट बसतो, ओल्या मातीत पाय रोवून ठेवलं तर नुसतं कुजत राहतं, वर पावसाबरोबर तांबडं पाणी फिकट फरशीवर. नको.

स्टेनलेस ३०४ घ्यायचं की गंजाला जास्त टिकणारं ३१६ यावर दादा म्हणाले ३०४ चालेल, समुद्र कुठाय इथं. समुद्र नाही पण कूलिंग टॉवर आहे. त्यातून उडणाऱ्या बारीक थेंबांत क्लोराइड असतं, ते वाळून पत्र्यावर बसतं आणि तपकिरी डाग पडतात. ३१६ घेतलं. ठोकळ्यांची फ्रेम गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे झिंकचा थर दिलेली आहे, तिथं स्टेनलेस थेट टेकला तर ओल्या जागी झिंक आधी खाल्लं जाणार, म्हणून प्रत्येक बोल्टला नायलॉनचं बुश आणि मध्ये रबरी शीट.

२६ फेब्रुवारी

आज वर्कशॉपमध्ये पहिली उंच नळी उभी केली आणि हातात गुणगुण आली. कानाला जवळजवळ काही नाही, तळवा टेकवला की कळतं.

गोल नळीच्या मागे वारा आळीपाळीने डाव्या उजव्या बाजूला भोवरे सोडतो. किती वेळा तर वेग भागिले व्यास गुणिले ०.२. आमची नळी ८९ मिमी, वारा ९ मीटर प्रति सेकंद धरला तर सेकंदाला वीस वेळा. आणि नळीची दुसरी नैसर्गिक कंपनं, म्हणजे धक्का बसला की ती स्वतःहून ज्या गतींनी थरथरते त्यातली दुसरी, नेमकी त्याच्याच आसपास निघाली. ९ मीटरचा वारा त्या टेरेसवर रोजचा आहे, आम्ही वाफ्यात लावलेलं वाऱ्याचं मीटर तेच सांगतंय (कठड्याच्या कोपऱ्यात तर आकडे आणखी वर जातात, तिथं काही ठेवायचंच नाही). वादळात एकदा वाकणं परवडतं पण रोज दुपारी तासन् तास कुरकुरत राहिलं तर तळाचं वेल्डिंग थकून चिरतं.

नळीत वाळू भरा असा सल्ला आला. वजन दुप्पट होतं, आणि वाळूत ओल राहिली तर आतून गंजाची सोय. मॅडमनी दिव्याच्या उंच खांबांत वापरतात ती युक्ती सांगितली, रबरी नळीत साखळी घालून ती आत वरून लोंबकळत सोडायची. नळी हलायला लागली की साखळी आतल्या आत आपटून तिची ताकद खाते. लावून बघितली. फॅन समोर ठेवून तळवा टेकवला, गुणगुण येते आणि लगेच मरते. कान लावला तर आत अगदी बारीक धप धप. नऊच्या नऊ नळ्यांत टाकणार.

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या छतावर २०१० मध्ये डग आणि माइक स्टार्न या भावांनी हजारो बांबू नायलॉनच्या दोऱ्यांनी बांधून अख्खं जंगल उभं केलं होतं, लोक आतून वर चढून जायचे. तिथं प्रत्येक गाठ थोडी सरकते, घासते, ताकद खाते. आमच्या वेल्डिंगला ती सोय नाही म्हणून साखळी.

१० मार्च

फॅसिलिटीवाल्यांबरोबर मीटिंग. दोन तास. त्यातली दहा मिनिटं कामाची होती पण फारच कामाची. खिडक्या धुणाऱ्या पाळण्याचे रूळ कठड्याला लागून आहेत आणि पाळणा वळवताना त्याचा हात बागेवरून फिरतो, हे आमच्या कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हतं. पाळणा आणून प्रत्यक्ष फिरवायला लावला. सगळ्यात उंच थाळीपासून हात सव्वा मीटर लांबून जातो, सुटलो.

बाकी मुद्दे पटापट: आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी, कठड्याजवळ चढता येईल असं काहीही नाही, आणि बेटाला दोन ठिकाणी अर्थिंग देऊन बिल्डिंगच्या वीजरोधकाला, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या पट्टीला, जोडायचं.

चढण्याचा प्रश्न बेटाला पण आहेच. ताईंना लोकांनी नळ्यांमधून चालावं असं वाटत होतं. एखादं पोर दोन नळ्यांत पाय रोवून वर जाणार म्हणजे जाणारच, म्हणून भोवती दाट गवत, काकांच्या भाषेत टोचरं, आणि वाट बाजूने वळवली. ताईंनी ‘बघू’ म्हटलंय.

२२ मार्च

आत्तापर्यंत मी शिकागोचं क्लाउड गेट हे छतावरचं शिल्प आहे असं म्हटलं की लोक हसायचे. पण मिलेनियम पार्क आहेच छतावर, खाली पार्किंग आणि रेल्वेचे रूळ, वर २००४ मध्ये खुली केलेली बाग, भोवती ऑफिस टॉवर. अनिश कपूर यांचं ते शिल्प २००६ ला पूर्ण झालं, १६८ स्टेनलेस पत्रे, शंभर टनांच्या घरात, आणि त्यासाठी खालचा आधार वाढवावा लागला. पत्र्यांचं कवच आतल्या सांगाड्याला घट्ट जखडलेलं नाही, उन्हाने फुगायला जागा ठेवलीय.

आमचं प्रमाण अगदीच चिल्लर, तरी फुगणं आहेच. साडेचार मीटर नळी, ४० अंशांचा फरक, तीन मिमीला थोडंसं कमी वाढते. एकेकटी नळी खुशाल वाढू दे, पण दादांनी वर तीन नळ्यांना जोडणारी एक कडी टाकली होती हलू नये म्हणून. एक नळी उन्हात, दुसरी सावलीत, कडी ताणली जाणार. साखळी असताना कडीची गरजच नाही. काढली.

४ एप्रिल

नळ्या वर कशा न्यायच्या. क्रेन लावायची तर बुधवारी रस्ता बंद करू देत नाहीत, रविवारी देतात, आणि टॉवरच्या मधून येणारा वाऱ्याचा झोत क्रेनच्या हाताच्या टोकाला लागला की ऑपरेटर उचल थांबवतो, बरोबरच आहे त्याचं. मालाच्या लिफ्टमध्ये तिरकं धरून पावणेतीन मीटर जातं. तेव्हा उंच नळ्या दोन तुकड्यांत, आत स्लीव्ह, बाहेरून जोड. ताईंना जोडाची रेघ नको होती. मग उलट केलं, जोड लपवायच्या ऐवजी प्रत्येक नळीवर वेगवेगळ्या उंचीला एक उठावदार कांडं दिलं, बुटक्या नळ्यांना सुद्धा, जिथं जोडच नाही. आता बेट खरंच बेट वाटतंय.

१९ एप्रिल

बसवायच्या आधी वाफ्यात पाणी भरून ४८ तास ठेवलं, खालच्या मजल्यावर सीलिंगच्या फळ्या काढून फोटो काढले, तारखेसकट, फॅसिलिटीच्या माणसाला शेजारी उभं करून. कोरडं. हे फोटो आमचा विमा आहेत.

मग फरशीवर प्लाय अंथरून ठोकळे आणले, ट्रायपॉड आणि चेन पुलीवर एकेक नळी उभी. उचल चालू असताना खाली, बाजूला, वर कोणी नाही, दार बंद, दादांचा नियम कडक आहे आणि मी त्यात कोणाचं ऐकत नाही. जोन ब्राउन ही अमेरिकन चित्रकार, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ऑफिस बिल्डिंगच्या टेरेसवर तिचा टाइल्सचा ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ, आहे. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये ती पुट्टपर्तीला असाच ओबेलिस्क बसवायला गेली होती आणि वरच्या बांधकामाचा काँक्रीटचा भाग कोसळून साइटवरच गेली. तिचं शिल्प पडलं नव्हतं. आपलं काम पक्कं असलं तरी डोक्यावर दुसऱ्याचं काय आहे ते बघायला लागतं, म्हणून पाळणा पण दिवसभर लॉक करून चावी माझ्या खिशात.

२ मे

बेट उभं आहे. अनावरणासाठी कापड वगैरे काही घातलेलं नाही, लोक येऊन बघतायत. कोणी म्हणालं अँटेना आहे का. एकजण वरच्या ऑफिसातून खाली आला, म्हणाला सकाळी डाव्या चकत्या काळ्या असतात आणि चारनंतर उजव्या, हे मुद्दाम आहे की चुकून. ताई हजर नव्हत्या याचं वाईट वाटलं.

शिपायांची एक तक्रार आहे, नव्या वळणाने पलीकडच्या दाराला जाताना जास्त चालावं लागतं. ही मी हसण्यावारी नेली नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात रिचर्ड सेराचा छत्तीस मीटर लांब पोलादी ‘टिल्टेड आर्क’ १९८१ मध्ये उभा राहिला आणि १९८९ मध्ये कापून हलवला गेला, आणि तिथं काम करणाऱ्यांच्या तक्रारींत रोजची वाट अडली हा मोठा मुद्दा होता. कलेचे वाद एकीकडे, पण रोज दोनदा वळसा घालणारा माणूस ते विसरत नाही. काकांना सांगून टोचऱ्या गवताचा एक पट्टा मागे घेतला, आता थेट जाता येतं.

१७ मे

हँडओव्हर. फाइलमध्ये: बोल्ट किती घट्ट करायचे आणि सहा महिन्यांनी परत तपासायचे, थाळ्या घासायच्या तर रेघांच्या दिशेनेच, प्रत्येक थाळीची दिशा बाणाने दाखवलेली, क्लोरीनवाला क्लीनर अजिबात नाही, तारेची घासणी दिसली तर जप्त. वादळानंतर साखळ्या वाजतायत का ते कान लावून ऐकायचं, न वाजणारी साखळी अडकलेली असू शकते.

बाग खुली आहे असं लॉबीत सांगणाऱ्या बोर्डाचा विषय मात्र अजून लटकलाय. सॅन फ्रान्सिस्कोत १९८५ च्या डाउनटाउन प्लॅनपासून नव्या ऑफिस बिल्डिंगला क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकांसाठी मोकळी जागा आणि बांधकामखर्चाच्या एक टक्का कलेसाठी, असा नियमच आहे, त्यातल्या बऱ्याच जागा टेरेसवर, आणि तिथंही वर्षानुवर्षं लोकांना आपण वर जाऊ शकतो हे माहीतच नव्हतं. आमच्या इथं लॉबीत अजून विचारतात कोणाला भेटायचंय. बेटाला भेटायचंय असं रजिस्टरमध्ये लिहिलेल्या एका मुलीला खालूनच परत पाठवलं, दादांनी बघितलं ते. बोर्डाचं डिझाइन मी मेल केलंय, लिफ्टशेजारी, डोळ्यांच्या उंचीला, ‘अकरावा मजला, बाग सगळ्यांसाठी खुली’. फॅसिलिटीचं म्हणणं अक्षरं लहान करा. सोमवारी जाऊन बसतो त्यांच्यासमोर.